मेव्हण्याचं घड्याळ आणि माझं जीपीएस

मेव्हणा मला पहिल्यापासून आवडत नव्हता. अमरावतीहून आमच्या अकोल्याच्या घरी आला की माझ्याच खुर्चीत बसून मलाच अक्कल शिकवायचा. मला डोंगरात एकट्यानं भटकायची सवय, म्हणून बायको जीपीएस घ्या म्हणून मागे लागली होती. हातात धरायचं, बटणांचं जीपीएस मी एका मित्राकडून वापरून बघायला आणलं होतं. मेव्हण्यानं ते दोन बोटांनी उचललं.

"हे डबडं कोण वागवते आता? जीपीएसवालं घड्याळ घ्या भाऊजी, माह्यासारखं."

"घड्याळावरचा नकाशा मला चष्म्याशिवाय दिसत नाही."

"मंग घरी बसा."

शेवटी दोन्ही घेऊन गाविलगडच्या डोंगरात जायचं ठरलं. त्यानं कुणीतरी नेटवर टाकलेली वाट घड्याळात भरून आणली होती. पडद्यावरच्या रेघेकडे बघत तो पुढे, मी मागे. दुपारी एका नाल्यापाशी दरड खचून वाट तुटलेली दिसली. त्याची रेघ सरळ खाली जात होती. माझ्या नकाशावर तिथं उंचीच्या रेषा एकमेकींना चिकटल्या होत्या, म्हणजे कडा. मी जीपीएस त्याच्यापुढे धरलं. त्यानं बघितलंसुद्धा नाही.

"मी उतरून राहिलो. तुमाले भेव लागत असन त फिरून या."

"जा," मी म्हणालो.

डोंगराच्या धारेवरून वळसा घालून मी खालच्या रस्त्यावर पोचलो आणि चिडून बसून राहिलो. ऊन कललं तेव्हा तो आला, मी आलो त्याच बाजूनं. कोपर सोललेलं, पँट फाटलेली. निम्म्या कड्यावर तो झुडपाला धरून अडकला होता. घड्याळानं आल्या वाटेची रेघ दाखवली, तसा कसाबसा वर चढला.

"दोन्ही हात गुतले होते माहे," तो म्हणाला. "तुमचं डबडं कशात धरलं असतं?"

"त्याच घड्याळानं तुला तिथं नेलं."

परतवाड्याला त्यानं अमरावतीची बस धरली, मी अकोल्याची. मी घरी पोचायच्या आत त्यानं बहिणीला फोन केला होता.

"त्याले एकट्याले सोडून कावून आले तुमी?" बायकोनं दारातच विचारलं. मी सगळं सांगितलं. तिनं निम्मंच ऐकलं.

मी हातात धरायचंच जीपीएस विकत घेतलं. त्याच्या घरी जाणं मात्र बंद केलं. सणाला बायको एकटीच बसनं अमरावतीला जाते.