अमरीनने पेरलेला कण

अकोटच्या जिनिंगमध्ये कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या यंत्रावर इनायतुल्लाभाईंचे आयुष्य गेले. त्यांची कन्या अमरीन अमरावतीला कणभौतिकीचे संशोधन करते.

विश्वाच्या आरंभी विद्युत्-चुंबकीय बल आणि दुर्बल बल यांच्यात एक साम्य नांदत होते. विश्व निवत गेले, ते साम्य ढळले आणि मूलकणांना वस्तुमान लाभले. सांख्यदर्शनात त्रिगुणांची साम्यावस्था ढळून सृष्टी होते, तिचे स्मरण व्हावे, असाच तो क्षण. परंतु ते साम्य कणांना वस्तुमान देणाऱ्या एकट्या हिग्ज क्षेत्राने ढळवले, की त्याला एखादे जड भावंडही होते? परदेशातील महायंत्रात होणाऱ्या कणांच्या टकरींच्या नोंदींत अमरीन त्या भावंडाचा कण शोधत होती.

या शास्त्राचे एक व्रत आहे. नोंदींतला जो भाग निर्णायक, तोच पद्धत पक्की होईपर्यंत झाकून ठेवायचा. म्हणजे मनीची इच्छा डोळ्यांत उतरत नाही. पद्धतीची परीक्षा म्हणून संगणकाने घडवलेले कृत्रिम कण त्या नोंदींत पेरतात आणि ते हाती लागतात का, हे पाहतात.

फाल्गुनात आवरण दूर झाले. आलेखावर स्पष्ट उंचवटा होता, नव्या कणाची खूण. अमरीनने हर्षभरात घरी फोन केला आणि इनायतुल्लाभाईंनी गल्लीभर पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी फेरतपासणीत तिला उमगले की परीक्षेसाठी पेरलेले कण काढायचेच राहिले होते. ते काढताच आलेख सपाट झाला. मार्गदर्शिकेला तिने तत्काळ सांगितले. वडिलांना फोनवर सांगण्याचे धैर्य होईना. तिने अकोटची एसटी धरली.

"अब्बा, तो कण मीच टाकला होता. काढाचा राहून गेला."

इनायतुल्लाभाईंनी बशीतला चहा संपवला. "म्हंजे पेढे फुकट गेले."

"परत मागून आणा आता," आतून आई हलीमाबी म्हणाल्या.

"तू टाकला, आन् तुह्या हिशोबानं त्याले धरलं?" इनायतुल्लाभाईंनी लेकीला विचारले.

"धरलं. जिथं टाकला तिथंच."

बोलता बोलता अमरीन थबकली. खरा कण त्या जागी असता, तर तोही निसटला नसता. म्हणजे ती सपाट रेघ निष्फळ नव्हती. वस्तुमानाच्या तेवढ्या पट्ट्यात ते भावंड नाही, असे आता निःशंकपणे म्हणता येत होते.

तो निष्कर्ष यथाकाल प्रसिद्ध झाला. त्याहून जड कणांसाठी नव्या नोंदींत शोध आता चालू आहे आणि निर्णायक भाग पुन्हा झाकलेला आहे. इनायतुल्लाभाईंचा फोन दर शुक्रवारी येतो. जेवलीस का, हे ते मागाहून विचारतात.

"बेटा, सरकी काढली का?"