साडेआठचा पिस्टन

हे गेले तेव्हा यांच्या जुन्या मोटरसायकलचं इंजिन बैठकीत वर्तमानपत्रांवर सुटं पडलेलं होतं. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर हौसेनं हाती घेतलेलं काम. सिलिंडर झिजलं होतं, ते आतून घासून मोठं करून आणलं होतं. आता त्यात मापाचा मोठा पिस्टन लागणार होता. तो आणायच्या आधीच यांना झटका आला. तेरवीला आलेल्या पाहुण्यांनी त्या पसाऱ्याला वळसा घालून सतरंज्या अंथरल्या.

मुलगा हैदराबादला असतो. मी फोनवर मराठीत बोलते, तो हिंदीत उत्तर देतो. लहानपणापासून तसंच.

"मम्मी, कबाड़ी को दे दो ना. अकेली क्या करोगी उसका?"

मी "हव" म्हटलं आणि दिलं नाही.

थंडी सरल्यावर एक दिवस बीरगांवला यांच्या नेहमीच्या मिस्त्रीकडे गेले. त्यानं दोन पिस्टन पुढ्यात ठेवले. एकाचा माथा सपाट, दुसऱ्याचा घुमटासारखा फुगीर.

"भाभी, सपाटवाला डलवा लो. आराम से चलेगी."

"नहीं भैया, उनको साढ़े आठ चाहिए था."

त्यानं दोन्ही पिस्टन कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत टाकले.

पिस्टन वर येताना आतली हवा आणि पेट्रोल किती पट दाबतो, त्याचा तो आकडा. जेवता जेवता हे कितीदा तरी सांगायचे, "कंपनीनं साडेसहा देलं होतं. तवाचं पेट्रोलच तसं होतं. आता मले साडेआठ पायजे. पण नवाच्या वर गेलो तं आपल्या रायपूरच्या उन्हात इंजिन ठोकाले लागते."

मी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. इंजिनातलं मला काही कळत नाही, पण मापून द्यायचं काम मी आयुष्यभर केलं. घरात एक जुनी ब्युरेट होती. सिलिंडरचं वरचं झाकण, ज्याला मिस्त्री हेड म्हणतात, ते उलटं ठेवलं, त्यावर भोक पाडलेली काच बसवली आणि थेंबाथेंबानं पातळ तेल सोडलं. किती मावलं ते पाहिलं. मग पिस्टन सिलिंडरमध्ये थोडा खाली ढकलून त्याच्या डोक्यावर किती तेल राहतं ते मोजलं. कागदावर गणित मांडलं. सपाट पिस्टननं सातच्या जरा वर येत होतं. फुगीरानं नवाच्याही पुढे.

दोन्ही नाही. आता काय करायचं हे ज्यांना विचारायचं तेच नव्हते. त्या दुपारी हात तेलानं माखलेले असतानाच मी रडले. तेरवीलाही इतकी रडले नव्हते.

मिस्त्रीला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तो थोड़ा कम उभारवाला ढूँढना पड़ेगा." काही आठवडे गेले. मग त्याचाच फोन आला. दुसऱ्या कुठल्या गाडीचा पिस्टन होता, मापाला तोच, पिनही तीच बसत होती, फक्त माथा कमी फुगीर. मी घरी आणून मोजला. साडेआठला केसभर कमी.

"घ्या, मिळाला," मी मोठ्यानं म्हटलं. मग पिस्टन पुसून यांच्या पसाऱ्यात सिलिंडरशेजारी ठेवला.

मिस्त्री इंजिन जोडायला घरीच आला. वर आलेला पिस्टन व्हॉल्व्हला धडकेल का, ही त्याला शंका होती. मी आतून पोळ्यांची कणीक आणली. त्यानं पिस्टनवर तिची चकती लावली, हेड कसलं, इंजिन हातानं फिरवलं आणि पुन्हा उघडलं. व्हॉल्व्हचा ठसा उमटला होता, पण खाली पुरेशी जाड कणीक शाबूत होती. तो हसला. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कोणीतरी हसलं.

गाडी सुरू झाली. तो आमच्या पाऱ्यातून, म्हणजे मोहल्ल्यातून, एक चक्कर मारून आला.

"अच्छा खींच रही है, भाभी. पर चलाएगा कौन?"

मुलाला विचारलं तर म्हणाला, "मुझे तो टाइम ही नहीं मिलेगा." राग आला नाही. खरंच मिळत नसेल.

मग मीच म्हटलं, "भैया, मुझे सिखा दो."

रविवारी कारखान्यांकडच्या रस्त्यावर ट्रक कमी असतात. तिथे त्यानं शिकवलं. किक मारण्याआधी पायाला आतला दाब लागतो, तो हळूच ओलांडायचा आणि मग पूर्ण जोर द्यायचा. दोनदा गाडीसकट आडवी झाले. अजून दुसऱ्या गिअरच्या पुढे जात नाही.

गेल्या रविवारी पहिल्यांदा एकटी निघाले. कारखान्यांच्या कुंपणापर्यंत गेले, वळले, परत आले. फाटकाशी गाडी उभी केली. हेल्मेट हातात तसंच होतं, आणि कोणाला सांगावं ते सुचेना. तेवढ्यात भाजीवाली आली. तिला सांगितलं.

तिनं टोपली खाली ठेवली, गाडीकडे पाहिलं. "बने करे दीदी," छान केलंस, असं म्हणाली, आणि भेंडी निवडायला लागली.