एकच चादर, तीन घरं

रविवारी आमच्या गल्लीत मी असा काही भडकलो की शेजारपाजारचे अजून हसून राह्यलेत... आणि जिच्यासमोर ते व्हायला नको होतं, नेमकं तिच्यासमोरच झालं.

आमचं गाव केदारखेडा. अंगारकीला राजूरच्या गणपतीला पायी जाणारे लोक आमच्या गावावरून जातात. सावली बघून टेकतात, पाणी मागतात, आणि थर्माकोलच्या प्लेटा कुणाच्या तरी शेतात टाकून पुढे निघतात.

ती यावरच रिसर्च करते. कॉलेजात माझ्याच वर्गात होती. मी दुसऱ्या वर्षी सरांशी भांडून कॉलेज सोडलं, ती शिकत राहिली, आता संभाजीनगरला पर्यटनात पीएचडी करते. नाव लिहीत नाही, चिडेल... ज्यांना माहीत आहे त्यांना माहीतच आहे.

तिचा प्रश्न साधा. या लोकांना वाटेवरच्या गावांनी मुक्कामाला ठेवलं तर गावाला चार पैसे मिळतील, पण गावाचं पाणी न संपवता, शेतं न नासवता हे जमेल का? त्यासाठी घरोघरी पाहुण्यांची खरी सोय काय आहे, ते तिला बघायचं होतं.

तिचे गाईड भलते कडक. एका घराची जरी माहिती खोटी निघाली तर अख्खं गाव अभ्यासातून बाद, असं ती स्टँडवर माझ्या गाडीवर बसतानाच म्हणाली. आणि हे गाव सुचवलं होतं मी. "आमच्याकडची माणसं बिलकुल खरी" असं छाती ठोकून.

पहिलं घर शोभाकाकूंचं. बाजेवर मोरांची निळी चादर, दोन गुबगुबीत उशा, कोपऱ्यात छोटा कूलर. माझी कॉलर ताठ! तिने फोटो काढले, पाणी कुठून येतं, कचरा कुठे जातो, सगळं विचारलं. चहा झाला.

दुसऱ्या घरी परत मोरांची निळी चादर. मला वाटलं, आठवडी बाजारात एकाच गाड्यावरून घेतल्या असतील दोघींनी. पण कोपऱ्यात इस्त्रीचा डागसुद्धा तसाच होता... तिने वहीत काहीतरी टिपलं. मी घाईघाईने पुढच्या घराकडे निघालो.

तिसरं घर दत्ताअण्णांचं. तिथेही मोर! कूलरमधून पाणी टपकत होतं, आणि थेंबांची रांग थेट मागच्या दारापर्यंत गेलेली. आम्ही दोघंही त्या रांगेकडे बघत असताना त्याच दारातून शोभाकाकू धापा टाकत आत आल्या, दोन्ही काखेत उशा.

"अण्णा, धर जल्दी! त्या पोरीला अजून एक चहा पाज तवर..."

आणि समोर ती पोरगी.

माझं डोकंच फिरलं. "काकू, अहो तिचं वर्षाचं काम नासवून राह्यले तुम्ही! लाज न्हाई वाटत? अण्णा, तुम्हीसुद्धा?" असं बरंच काही. आवाजाने गल्ली गोळा झाली, भांडत भांडत आम्ही अंगणात आलो आणि काकू ओट्यावर टेकल्या. काकूही काही कमी नाहीत. "मंग काय मॅडमला फाटकी वाकळ दाखवायची व्हय? गावाची इज्जत हाय का न्हाई? अन् तू कुणावर वरडतोस रे, परवा तुझ्या मामाला हीच चादर दिल्ती म्या!"

खरं सांगतो, मला वाटलं संपलं. आता ही वही मिटून स्टँडवर सोडायला सांगणार आणि परत कधी या गावात पाऊल ठेवणार नाही. गावात नाही, आणि माझ्या आयुष्यातही नाही.

ती मला म्हणाली, "तू जरा गप बस." एवढंच. मग चपला काढून सरळ काकूंच्या शेजारी ओट्यावर बसली.

"काकू, हे आज माझ्यासाठीच केलं, का नेहमीच असं करता?"

"नेहमीच की. ज्याच्या घरी पाव्हणा, त्याच्या घरी चादर. कूलर अण्णाचा. मोठं पातेलं त्या पल्याडच्या घरचं."

"आणि एकाच दिवशी दोन घरी पाहुणे आले तर?"

काकूंनी अण्णांकडे बघितलं. अण्णा मिशीत हसत म्हणाले, "मंग पाव्हण्यानं एका घरी जेवायचं, चादर असंल त्या घरी झोपायचं. पाव्हण्याला काय कळतंय!"

अख्खी गल्ली हसली. तीसुद्धा... आणि ती हसली म्हणजे काय होतं ते मी इथे लिहीत नाही.

मग तिने सगळं नव्याने सुरू केलं. म्हणाली, मी एकेक घर बघत होते, गल्ली बघायला पाहिजे होती. दहा घरांनी दहा कूलर घ्यायची गरजच नाही, जे आहे ते फिरतंच आहे. पाहुणे बेताने घ्यायचे आणि सोय गल्लीने मिळून करायची, पाणीही कमी लागेल.

बायकांना मग कंठ फुटला. संडास कुणाचा धड आहे, उन्हाळ्यात टँकरचं पाणी कसं पुरवून वापरावं लागतं, पाहुणा आला की खरा त्रास कोणाला होतो... मी जन्मापासून या गल्लीत राहतो, हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं म्हणा.

संध्याकाळी स्टँडवर सोडताना भीत भीत विचारलं, "खोटारडं गाव म्हणून लिहिणार का?"

"जे घडलं ते सगळं लिहिणार. चादरीसकट," ती म्हणाली. "आणि दोन दिवस स्वतः राहून बघणार."

"कुणाकडे?"

"ते तुमची गल्ली ठरवेल." आणि एस्टीत चढली.

तेव्हापासून विचार करतोय. खोटं पकडलं की आरडाओरडा करायचा, मला एवढंच येत होतं. ती चपला काढून त्यांच्याजवळ जाऊन बसली, आणि कुणाला मान खाली घालायला न लावता खरं काढून घेतलं... असं माणूस माझ्या वर्गात होतं, आणि मी कॉलेज सोडलं!