दादाची दाढ

माझ्या मोठ्या भावाची समज पाच-सहा वर्षांच्या मुलाएवढी आहे, असं त्याच्या दिव्यांगत्वाच्या दाखल्यावर लिहिलेलं आहे. लिहिणाऱ्याने पाच-सहा वर्षांची मुलं पाहिली नसावीत. मी प्राथमिक शाळेत शिकवते, रोज पाहते. त्यांतलं एकही न सांगता शेळीला पाणी पाजत नाही. दादा पाजतो.

सास्तूरला आमच्या घरी दादा, आई आणि मी असे तिघं. दादाने पन्नाशी ओलांडली आहे आणि त्याचा एकच कायदा आहे: ‘आधी तू.’ त्र्याण्णवच्या भूकंपात जुनं घर पडल्यावर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो, मग नवं घर मिळालं. दादा उंबऱ्याशी अडला. वर छताकडे बोट करून वडिलांना म्हणाला, ‘आधी तू.’ वडील आत गेले, फरशीवर आडवे झाले, बराच वेळ पडून राहिले आणि मग बाहेर आले. तेव्हा कुठे तो आत शिरला. यात कमी समजेचं काय आहे, हे मला आजवर कळलेलं नाही. त्या काळात गावात सगळ्यांच्याच मनात तेच होतं, बोलला तो एकटा.

वडील गेले, कायदा राहिला. नवी चप्पल आधी आई घालून दाखवते. लसीची सुई आधी मी घेते. ‘तुम्ही’ हा शब्द दादाकडे नाही. तहसीलदार असो की शेळी, सगळे ‘तू’.

मागच्या उन्हाळ्यात त्याने भाकरी सोडली. भात मऊ कालवून दिला तर तेवढा गिळायचा. मग उजव्या गालावर स्वतःच चापट्या मारायला लागला. सदरा खांद्यावरून घसरायला लागला, इतका उतरला.

‘दादा, दुखतंय का?’

‘न्हाय.’

‘पोट? डोकं?’

‘न्हाय.’

त्याला दुखणं सांगता येत नाही. त्याचं दुखणं वागण्यात उतरतं, आणि वागणं बिघडलं की लोक त्याला डोक्याचा दोष म्हणतात. तालुक्याच्या डॉक्टरांनीही तेच म्हटलं. हेच डॉक्टर त्याला शांत राहायच्या गोळ्या वर्षानुवर्षं देत आले आहेत. खुर्चीवरून न उठता त्यांनी निदान केलं.

‘बाई, ह्या लोकांचं असंच असतं. वय वाढलं की चिडचिड वाढते. डोस वाढवू.’

‘तोंडात बघता का एकदा?’

‘उघडतोय का तो?’

‘आधी तुम्ही उघडून दाखवलंत तर उघडेल.’

डोस दोघांचा वाढवावा लागणार, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

गोळ्यांनी दादा शांत झाला. म्हणजे शेळीचं पाणी विसरला, बाजेवर बसल्या बसल्या पेंगायला लागला आणि पेंगतानाही त्याचा हात गालाकडे जायचा. जेवण आणखी घटलं. असंच चाललं तर तो उपासमारीने जाईल आणि मृत्यूच्या दाखल्यावर मात्र काहीतरी भारदस्त लिहिलं जाईल, एवढं मला दिसत होतं.

आई म्हणाली, ‘सोनारीला काळभैरवाला न्हेऊ त्याला. कुनाची तरी नजर हाय.’

‘नेऊ. आधी दात बघणाऱ्याकडं.’

‘देवाला न्हाय म्हनू नगं.’

‘म्हणत न्हाय. देव कुठं पळून जातोय?’

आई हसली नाही, पण गप्प बसली. आमच्या घरात त्याला होकार म्हणतात.

त्याच सुमारास तालुक्याच्या गावी दिव्यांगांसाठी महाआरोग्य शिबिर भरलं. फलकावर दातांच्या डॉक्टरांचाही उल्लेख होता, अगदी खाली, कारण वरची जागा फोटोंनी व्यापली होती. सकाळीच गेलो. मंचावर सोफे होते आणि खाली सतरंजी. ज्यांना खाली बसलं की उठता येत नाही, त्यांच्यासाठीच हे शिबिर होतं, पण असो. पाहुणे दुपार होता होता आले. समई लावली, वाऱ्याने विझली, फोटोसाठी पुन्हा लावली. एका वक्त्याने आमच्या माणसांना देवाची लेकरं म्हटलं, पुढच्याने थेट देवाचे अवतार. इतक्या झपाट्याने बढती मी फक्त भाषणांतच पाहिली आहे.

मग दादाला मंचावर बोलावलं. त्याला तीनचाकी सायकल द्यायची होती.

मी संयोजकांना म्हटलं, ‘अहो, याचे पाय चांगले आहेत. शेतापर्यंत चालत जाऊन येतो.’

‘ताई, फोटोपुरतं बसू द्या. नंतर बघू.’

मुख्य पाहुणे शाल उलगडून पुढे आले. दादा मागे सरकला. ‘आधी तू.’

‘काय म्हणतोय?’

‘आधी तुम्ही घेऊन दाखवा म्हणतोय,’ मी सांगितलं.

पाहुण्यांनी हसत हसत शाल स्वतःच्या खांद्यावर घेतली. दादाने सायकलकडे बोट केलं. ‘आधी तू.’

सतरंजीवरची पेंगलेली माणसं जागी झाली. आता मागे फिरायचं कसं, म्हणून पाहुणे सायकलवर बसले. फोटोग्राफरने फोटो काढला, त्याचं ते कामच. पुढे ती सायकल रांगेतल्या एका बाईला मिळाली, जिला खरोखर चालता येत नव्हतं. शिबिराचा तेवढा उपयोग झाला, हे मान्य करायला हवं.

दातांच्या डॉक्टर मंडपाच्या टोकाला एकट्या बसल्या होत्या. तरुण बाई. त्यांनी सगळा प्रकार पाहिला होता. मी गालाचं सांगितलं, भाकरीचं सांगितलं, गोळ्यांचं सांगितलं. त्यांनी लांबूनच दादाच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं.

‘उजवीकडे सूज आहे. इथं गर्दीत नको. उद्या दुपारी माझ्या दवाखान्यात या. तोंड उघडलं तर ठीक. नाही तर सोलापूरला नेऊन पूर्ण भूल द्यावी लागेल. आणि एवढा अशक्त माणूस, वर ह्या गोळ्या. त्यात धोका आहे, मी खोटं सांगणार नाही.’

म्हणजे सगळं दादाच्या तोंड उघडण्यावर आलं. आणि ते उघडणं माझ्यावर.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या त्या लांबलचक खुर्चीवर आधी मी आडवी झाले. दादा शेजारी वाकून बघत होता. डॉक्टरांनी माझ्या तोंडात आरसा फिरवला आणि त्या थांबल्या.

‘बाई, तुमची ही खालची दाढ केव्हापासून अशी आहे?’

‘तिचं नंतर बघू.’

मग दादा बसला. आ केला. डॉक्टरांनी मला जवळ बोलावून दाखवलं. दाढ आतून पोखरलेली, हिरडी फुगलेली, पू. एवढं घेऊन हा माणूस ‘न्हाय’ म्हणत होता, आणि आम्ही त्याला झोपेची औषधं देत होतो.

सूज उतरवायला त्यांनी औषध दिलं आणि सूज उतरल्यावर दाढ काढायला बोलावलं. घरी प्रत्येक गोळीच्या वेळी त्याच्यासमोर मी आधी बडीशेपेची गोळी गिळायची. तो माझी जीभ वर करून तपासायचा. सरकारी औषधसाठ्याची इतकी तपासणी होत असती तर बरं झालं असतं.

दाढ काढायच्या दिवशी दादाने सुई पाहिली आणि माझ्याकडे बोट केलं. हे होणार, हे मला औषध सुरू केल्यापासून माहीत होतं.

‘डॉक्टर, माझी ती दाढ काढायचीच आहे ना?’

‘हो. ती काही वाचत नाही आता.’

‘मग आज काढा. त्याच्यासमोर.’

‘थोडं लागेल.’

‘लागू द्या. मी तोंड वाकडं केलं तर मात्र आपला खेळ संपला.’

मी समोरच्या भिंतीवर नजर लावली. तिथल्या चित्रात एक अख्खं कुटुंब बत्तीसच्या बत्तीस दात दाखवत हसत होतं. त्या लोकांना मी मनातल्या मनात जे काही म्हटलं, ते शाळेच्या बाईने लिहू नये. पण चेहरा हलू दिला नाही. मंचावरच्या सोफ्यात बसलेल्या माणसाचा असतो तसा ठेवला, प्रसन्न आणि रिकामा. दाढ ट्रेमध्ये टणकन पडली. दादाने ती बोटाने उलटीपालटी करून पाहिली. मग माझा चेहरा पाहिला. गालातला कापूस सावरत मी खुर्चीकडे हात केला.

तो बसला. सुई टोचली तेव्हा त्याने स्वतःच्याच गुडघ्यावर जोरात चापट मारली, डॉक्टरांना हात लावला नाही. चिमटा पुढे आला तेव्हा त्याने पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी गाल दाखवला. त्याने जरा विचार केला आणि तोंड उघडलं.

घरी आल्यावर आईने दोघांना गार दूध दिलं. ‘एकाची दाढ काढाया गेली अन् दोघांच्या काढून आली,’ एवढंच म्हणाली. पुढच्या रविवारी आम्ही सोनारीलाही जाऊन आलो. श्रेय कुणाचं, यावर मी वाद घातला नाही. दादा भाकरी खायला लागला होता.

सदरा अंगावर नीट बसायला लागला तसं मी त्याला घेऊन तालुक्याच्या डॉक्टरांकडे गेले. गोळ्या आपल्या मनाने कमी करायच्या नसतात, त्यांच्याकडूनच कमी करून घ्यायच्या होत्या.

‘दाढ होती,’ मी म्हटलं.

‘असं का. चांगलं झालं.’ त्यांनी डोस पूर्वीएवढा केला. ‘या आता.’

‘अजून आहे. वजन करायचंय. कान बघायचेत, रक्त तपासायचंय, तोंड बघायचंय. त्याच्या वयाच्या इतर माणसांचं बघता, तसं.’

‘बाई, तो बघू देत नाही ना.’

दादाने स्टूल त्यांच्या अगदी समोर ओढलं आणि बसला. ‘आधी तू.’

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीतून चष्मा आणि पुस्तक काढलं. बाहेर पेशंट खोकत होते, कुणीतरी दार ढकलून किती वेळ म्हणून डोकावून गेलं. मी पान उलटलं. दादा मांडीवर हात ठेवून त्यांच्या तोंडाकडे बघत बसला होता. तो असा कितीही वेळ बसू शकतो. मी आणखी एक पान उलटलं.

तेव्हा डॉक्टरांनी कंपाउंडर आसपास नाही याची खात्री करून घेतली आणि तोंड उघडलं. दादाने टेबलावरची बॅटरी उचलली.