भरतीच्या आधी

गल्लीत तिला सगळे पडदेवाली म्हणत. लोकांच्या खिडक्यांचं माप घ्यायचं, कापड बेतायचं, शिवायचं आणि स्वतः स्टुलावर चढून टांगूनही द्यायचं, हा तिचा धंदा. बोलायला गोड, हाताला चोख. गिऱ्हाइकाने तीनदा रंग बदलला तरी कपाळाला आठी पडायची नाही. घरात मात्र सासऱ्यांशी तिचा छत्तीसचा आकडा होता.

सासू गेल्यावर तिची खोली रिकामी झाली होती. खोलीला मोठी खिडकी, दिवसभर उजेड. नवराच म्हणाला, "शिवणाचं मशीन तिकडे हलव." तिने हलवलं. सासरे जन्मभर छापखान्यात मशीनवर उभे राहिलेले. त्या धडधडाटाने त्यांचे कान गेले होते, ऐकायला कानात मशीन लागायचं, पण डोळे शाबूत होते. त्यांनी दारातून मशीन पाहिलं, कापडाचे तागे पाहिले आणि त्या दिवसापासून सुनेशी बोलणं टाकलं. काही हवं असलं की नातीला सांगायचे, "चिमणे, आईला म्हणावं, चहात साखर नाही." आई समोरच उभी असायची. तीही कमी नव्हती. "चिमणे, आजोबांना सांग, डॉक्टरांनीच बंद केलीय." मधल्या मधे पोरीचं पार सँडविच झालं होतं.

नवरा बेकरीच्या गाडीवर ड्रायव्हर. मालकाने जुनी व्हॅन मोडीत काढली, तेव्हा ती त्याने मागून घेतली आणि वर्षभर रविवार घालवून तिची कॅम्पर व्हॅन केली. आत दोन बाकं, खाली ओढायचा पलंग, कोपऱ्यात शेगडी. कितीही धुतली तरी पावाचा वास काही जाईना. त्या गाडीतून चौघं समुद्रकाठाने निघाले. पहिले दोन दिवस बरे गेले. दीपगृह पाहिलं, कड्यावरून खालची फेसाळती खाडी पाहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी ते गुहेपाशी पोहोचले.

ओहोटी होती. किनाऱ्यावरच्या रखवालदाराने बजावलं, "तोंडाशी पांढरा रंग दिलेला खडक आहे. त्याला पाणी लागलं की पायाला पाय लावून बाहेर. नंतर मला सांगू नका."

बाहेरची गुहा ऐसपैस होती, सभागृहासारखी. पण तिच्या पोटात एक ठेंगणी फट होती आणि रांगत गेलं की आत दुसरी गुहा आहे, असं चिमणीने ऐकलं होतं. झालं! आजोबा आणि नात टॉर्च घेऊन रांगत आत शिरले. नवऱ्याच्या पोटामुळे त्याचा प्रश्न आपोआप सुटला होता. पडदेवाली म्हणाली, "मी इथेच बरी." बंद जागेत तिचा जीव घाबरा व्हायचा, लिफ्टमध्येसुद्धा ती दाराला चिकटून उभी राहायची.

बराच वेळ झाला. तिने गुहेच्या तोंडाकडे पाहिलं. एक लाट आली आणि पांढरा खडक चाटून गेली.

तेवढ्यात फटीतून चिमणी बाहेर आली, एकटीच. भिजलेली. "आजोबा पडले. त्यांचं कानाचं मशीन पाण्यात गेलं. मी ओढतेय तर येतच नाहीत. हात झटकतात."

नवरा फटीत घुसायला धावला. डोकं गेलं, खांदे अडकले. सोलपटून मागे आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"पोरीला बाहेर न्या," ती म्हणाली. "रखवालदाराला दोर घेऊन बोलवा."

"अगं, पण तू?"

"मी आणते त्यांना."

"तुला लिफ्टची भीती वाटते!"

"आता वाद नको. जा!"

चिमणीकडून घेतलेला टॉर्च पुढे धरून ती पोटावर आडवी झाली. दगड पाठीला घासत होता, तळहाताखाली गार पाणी सरकत होतं. छाती अशी धडधडत होती की तिला वाटलं, आवाजानेच छत खाली येईल. मागे फिरावंसं वाटलं. ती फिरली नाही, इतकंच.

आतल्या गुहेत सासरे भिंतीला टेकून बसले होते. घोटा सुजला होता, नजर ठरत नव्हती. तिने हाका मारल्या. त्यांना ऐकू येईना. मग तिने टॉर्च स्वतःच्याच तोंडावर धरला आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "पाणी. चढतंय. चला."

त्यांनी तिच्या ओठांकडे पाहिलं. "तू जा," ते म्हणाले. थेट तिला. "माझ्याने नाही व्हायचं. त्या भोकात शिरलो की श्वास कोंडतो. पोरीला घेऊन जा."

"ती बाहेर आहे."

"मग तूही जा!"

तिने दंडाला धरून ओढलं. त्यांनी हात झटकला. पाणी त्यांच्या सुजलेल्या घोट्यावर चढलं होतं. तिच्याजवळ आता ना युक्ती होती, ना ताकद. ती मटकन त्यांच्या शेजारी बसली.

"हे काय?" सासरे ओरडले.

तिने पुन्हा उजेड तोंडावर घेतला. "मलाही भीती वाटते. एकटी परत नाही जाणार."

"वेड लागलंय का तुला? ऊठ! लहान पोर आहे तुझं!"

ती हलली नाही. हे नाटक नव्हतं. तिचे पाय खरंच गळाले होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, एक सणसणीत शिवी हासडली आणि भिंत धरून उभे राहिले.

फटीत आता कोपरभर पाणी होतं. ते पुढे, ती मागे. त्यांच्या तळपायावर तिने हात ठेवला. ढकललं की ते सरकायचे. अर्ध्यात ते थांबले. लाट आली, तिच्या नाकातोंडात खारं पाणी गेलं. तिने ढकललं. पाऊल दगडासारखं. "बाबा, मागे मी आहे!" ती किंचाळली. "मी आहे मागे!" ऐकू जाणार नाही हे तिला ठाऊक होतं, तरी ती ओरडतच राहिली आणि दोन्ही हातांनी त्यांचा पाय लोटत राहिली.

पाऊल एकदम पुढे गेलं. पलीकडून नवऱ्याने बापाची मनगटं धरली होती. पोरीला वर कड्यापाशी रखवालदाराच्या बायकोकडे सोपवून तो रखवालदारासह परत आला होता. बाहेरच्या गुहेच्या तोंडाशी कमरेइतकं पाणी झालं होतं. दोराला धरून, लाटांच्या मधल्या उसंतीत, एकेकाला ओढत ते कसेबसे वाळूवर आले. रखवालदाराने त्यांची बिनपाण्याने केली.

गाडीत बसल्यावर सासऱ्यांचा राग उफाळला. "अक्कल गहाण टाकली होती का? मी म्हातारा, माझं काय राहिलंय? तू तिथे बसलीस कशी?"

"तुम्ही उठत नव्हता म्हणून!" ती त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन म्हणाली.

"म्हणून मरायचं?"

"मग काय तुम्हाला ठेवून यायचं? आणि यांना काय सांगायचं, बाबा आत राहिले, चला जेवायला?"

"उलट बोलतेस?"

"बोलणार! तुम्हीही बोला. ओरडा हवं तर. पण मला सांगा, पोरीला नाही!"

नवरा घाबरून गाडी बाजूला घ्यायला लागला. "चालव गुपचूप," सासरे खेकसले. पुढचं गाव येईपर्यंत दोघं भांडत होती. तिला मधेच हुंदका आला, तरी ती भांडायची थांबली नाही. त्यांचा आवाज चिरकला, तेव्हा त्यांनी खिडकीकडे तोंड वळवलं. थोड्या वेळाने अंगावरची कोरडी चादर काढून त्यांनी तिच्या गुडघ्यांवर टाकली.

दवाखान्यात घोट्याला प्लास्टर बसलं. सहल तिथेच आटोपली. व्हॅनमधला ओढायचा पलंग त्यांना दिला आणि बाकीचे बाकांवर दाटीवाटीने निजले. सकाळी जाग आल्यावर ते कोपरावर उठून म्हणाले, "सूनबाई, चहा टाकतेस का?"

"साखर नाही घालणार," ती शेगडीपाशी वळून म्हणाली.

चिमणी बाकावर उठून बसली आणि एकदा आईकडे, एकदा आजोबांकडे बघत राहिली.