बिनहाडाचा मार्शमॅलो

आमची मुलगी बंगळुरूला नोकरीला लागली आणि दुसऱ्या वर्षी वीगन झाली. हा शब्द आम्हाला नवीन होता. तिने फोनवर समजावून सांगितलं. मटण नाही, मासे नाहीत, अंडी नाहीत, दूध-दही-तूप नाही आणि मधसुद्धा नाही. मी प्रत्येक वस्तूला 'बरं' म्हणत होतो. बायको शेजारी बसून ऐकत होती. अंड्यापर्यंत तिने तग धरला. मधाचं नाव निघाल्यावर ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि उगाचच भांडी घासायला लागली. ती भांडी सकाळीच घासून झालेली होती.

माझ्या बायकोच्या हातचं डुकराचं विंदालू खायला नातेवाईक वसईभरातून, पार नंदाखालहून, आगाशीहून येतात. सांडोरमध्ये कुणाकडे लग्न असलं की मसाल्याचं प्रमाण तिला विचारतात. अशा बाईची एकुलती एक मुलगी ईस्टरला घरी आली आणि चार दिवस वरणभात आणि शेवग्याच्या शेंगा खाऊन परत गेली. बायको काही बोलली नाही. आमच्या घरात ती ओरडते तेव्हा सगळं ठीक असतं. ती गप्प झाली की शेजारचेसुद्धा आवाज कमी करतात.

त्याच ईस्टरला माझा मेहुणा आखातातून आला होता. मुलगी लहान असल्यापासून तो तिच्यासाठी दर खेपेला मार्शमॅलोचं पाकीट आणतो. लहानपणी ती ते उशीखाली लपवायची आणि उशीला मुंग्या लागायच्या. या वेळी तिने पाकीट हातात घेतलं, उलटं करून मागचं बारीक अक्षर वाचलं आणि टेबलावर ठेवलं.

"पप्पा, यात जिलेटिन आहे. जनावरांच्या हाडाकातड्यापासून करतात."

ती हे अगदी साधेपणाने म्हणाली. पण पाकिटावरचा हात तिने लगेच उचलला नाही. ते मी पाहिलं आणि माझ्या डोक्यात राहिलं.

वसईतल्या एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं सहायक होतो. मे महिन्यात निवृत्त झालो. घरामागच्या केळींना पाणी सोडायचं आणि पेपर वाचायचा, एवढंच काम उरलं. केळींनाही माझा कंटाळा आला असावा. नोव्हेंबरात एकदा फोनवर बघता बघता मला कळलं की हाडांशिवाय मार्शमॅलो करता येतो. त्याला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे अगर-अगर. दुसरी म्हणजे काबुली चणे शिजवलेलं पाणी. ते पाणी घुसळलं की अंड्याच्या पांढऱ्यासारखं फुगतं म्हणे. साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. मला तर हे अकरावीचं प्रॅक्टिकलच वाटलं. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांसाठी द्रावणं तयार केली आणि पोरांनी ती सांडली. आता नाताळला मुलगी यायच्या आत आपण स्वतः काहीतरी करून दाखवू, असं मी ठरवलं.

बायकोला सांगितलं. ती कांदा चिरत होती.

"करा," ती म्हणाली. "माझ्या बीटरला हात लावायचा नाही."

अगर-अगर मला माहीत होतं. आमच्या शेजारच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काचेच्या बशांमध्ये ते ओतून त्यावर जंतू वाढवायचे. ते समुद्रातल्या शेवाळापासून करतात हेही ठाऊक होतं. मग मी विचार केला, समुद्र आपल्या दाराशी आहे, तर विकत कशाला आणायचं? एकतीस वर्षं प्रयोगशाळेत राहून माणसाला नको तेवढा आत्मविश्वास येतो.

आमच्याकडे मंगळवारी आणि शुक्रवारी मासे घेऊन एक कोळीण येते. वीस वर्षांचा घरोबा आहे. मी तिला विचारलं की खडकावर शेवाळ वाढतं, ते मला आणून देशील का. तिने कशाला म्हणून विचारलं. गोड पदार्थ करायचा आहे, असं मी सांगितलं. तिने माझ्या बायकोकडे पाहिलं. बायको बोंबलांकडे बघत राहिली.

शुक्रवारी ती गोणभर शेवाळ घेऊन आली.

"घ्या दादा, आनलं," ती म्हणाली. "चार पान्यांतनं धुवा, नायतर वाळू लागंल दाताला. आनि आमाला नका देऊ खायला."

मी चार नाही, सहा पाण्यांतून धुतलं. मागच्या अंगणात अंघोळीचं पाणी तापवायची चूल आहे, तिच्यावर मोठं पातेलं चढवलं आणि उकळायला ठेवलं. अर्ध्या तासात वास सुटला. तो वास कसा होता ते सांगणं कठीण आहे. ओहोटीला खाडीचा येतो तसा, पण गरम. पहिल्यांदा आमचं मांजर आलं. मग शेजारचं आलं. तासाभरात चुलीभोवती सात मांजरं बसली, प्रार्थनेला बसावीत तशी ओळीने. त्यातली तीन मी आयुष्यात कधी पाहिली नव्हती.

त्याच दुपारी चर्चचे फादर घरभेटीला आले. नाताळाच्या आधी ते एकेक घर घेतात. ओट्यावर बसले, थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलले आणि मग फार सौजन्याने विचारलं की यंदा सुकी मासळी घरीच करताय का. मी उत्तर द्यायच्या आत बायको म्हणाली, "नाही फादर, हे मिठाई करतायत." फादरनी चहा अर्धाच घेतला. घराला आशीर्वाद दिला, तो मात्र नेहमीपेक्षा लांब होता.

तीन तासांनी मी ते फडक्यातून गाळलं. खाली हिरवट तपकिरी पाणी आलं. थंड झाल्यावर ते किंचित थरथरलं, एवढंच. बोट बुडवून चाखलं तर समुद्रात गटांगळी खाल्ल्यासारखं लागलं. मी ते केळींच्या बुंध्यात ओतलं. मांजरं माझ्यामागून केळीपर्यंत आली आणि निराश होऊन पांगली.

संध्याकाळी मी ओसरीवर बसलो होतो. बायको आतून आली आणि माझ्या मांडीवर एक चपटं पाकीट ठेवलं. आत पांढऱ्या पारदर्शक पट्ट्या होत्या.

"हे काय?"

"चायना ग्रास. तुमचं अगर-अगर ते हेच."

"घरात होतं?"

"दर ईस्टरला मी आंब्याचं पुडिंग करते ते कशाचं करते? तीस वर्षं दोन-दोन वाट्या खाताय."

मला हे कधीच माहीत नव्हतं. पुडिंग घट्ट कशाने होतं हा प्रश्न मला तीस वर्षांत पडला नव्हता, आणि मी विज्ञानाचा माणूस म्हणून गावात मिरवत होतो. मग सकाळीच का नाही सांगितलंस, असं मी जरा चिडून विचारलं.

"तुम्ही विचारलंत कुठे?" ती म्हणाली आणि आत गेली. पण तिच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं होतं.

दुसऱ्या दिवसापासून चणे सुरू झाले. फसलं तर पुन्हा करायला पाणी हवं, म्हणून मी रोज वाटीभर चणे शिजवत होतो. पाणी बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवायचं, आणि चणे आम्ही दोघांनी खायचे. सोमवारी छोले, मंगळवारी चण्याची उसळ, बुधवारी चणे घालून भात. गुरुवारी बायकोने बाजारातून पापलेट आणलं आणि माझ्या ताटात मात्र चणे वाढले. प्रयोग ज्याचा त्याने निस्तरायचा, असं तिचं म्हणणं होतं.

शुक्रवारी मी तारेच्या घुसळणीने चण्याचं पाणी फेटायला बसलो. वीस मिनिटांनी थोडा फेस आला. चाळीस मिनिटांनी माझा उजवा खांदा गेला. बायको येता-जाता बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही. तिने कपाटाच्या वरच्या फळीवरून केक करायचा बीटर काढला, त्यावरचं कापड सोडलं आणि पिन लावली. स्वतः शेगडीकडे वळली आणि चायना ग्रास पाण्यात विरघळवून साखरेचा पाक करायला लागली. दोन तारी पाक तिच्या बोटांना कळतो. मी थर्मामीटर काढला होता, तो तसाच खिशात ठेवून दिला.

बीटर लागल्यावर मात्र चमत्कार झाला. ते पिवळट पाणी पाच-सात मिनिटांत पांढरंशुभ्र झालं आणि फुगून पातेल्याच्या काठापर्यंत आलं. पातेलं उलटं केलं तरी पडेना. बायकोने पाकाची बारीक धार त्यात सोडायला सुरुवात केली, मी फेटत राहिलो. मिश्रण चमकायला लागलं, जड झालं. आणि वीज गेली.

वसईत वीज जाते याचं कुणाला नवल नाही. आम्ही दोघं थांबलो, पाच मिनिटांत येईल म्हणून वाट बघितली. पण चायना ग्रास वाट बघत नाही. ते थंड झालं की आवळतं. पंधरा मिनिटांनी मी बीटर उचलून पाहिला तर पातेलंही बरोबर उचललं गेलं. बीटर त्यात उभा रुतला होता.

मी बीटर वर ओढत होतो. बायकोने पातेलं दोन्ही हातांनी धरून खाली ओढायला सुरुवात केली. बटण चालूच राहिलं होतं, ते आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही. तेवढ्यात वीज आली.

पुढचं सगळं चार-पाच सेकंदांत झालं. बीटर गरगरला, पातेलं बायकोच्या हातांतून सुटून फिरायला लागलं, आणि पांढरे गोळे चारी बाजूंना उडाले. पंख्यावर, कॅलेंडरवर, फ्रिजवर. एक मोठा गोळा भिंतीवरच्या पवित्र कुटुंबाच्या तसबिरीवर बसला, तो नेमका संत जोसेफच्या दाढीवर. बायकोच्या केसांत, भुवईवर, चष्म्यावर सगळीकडे मार्शमॅलो. मी बटण बंद केलं आणि आता काय ऐकावं लागतंय म्हणून उभा राहिलो.

तिने चष्मा काढला. तसबिरीकडे पाहिलं. आणि ती हसायला लागली. आधी आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. मग ती खुर्चीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. ईस्टरनंतर मी तिला तशी हसताना पाहिली नव्हती. मीही हसलो, पण जरा जपून, कारण बीटर तिचा होता.

हसून झाल्यावर तिने भुवईवरचा तुकडा काढून तोंडात टाकला, चघळला.

"व्हॅनिला विसरलात," ती म्हणाली.

तिथून पुढे प्रयोग तिचा झाला आणि मी पुन्हा सहायक झालो. रविवारी चर्चमधून मिस्सा आटोपून आल्यावर तिने साडी बदलली, आधी विजेकडे पाहिलं, मग कामाला लागली. पाक तिचा, फेटणं तिचं. मी ताटाला खोबरेल लावून कॉर्नफ्लोअर भुरभुरवलं, तेवढंच माझं काम. मिश्रण ओतलं, संध्याकाळपर्यंत ठेवलं, तेल लावलेल्या सुरीने चौकोन कापले आणि पिठीसाखर-कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवले. दिसायला अगदी पाकिटातल्यासारखे. दुसऱ्या दिवशी त्यांना घाम सुटला. आमच्याकडची हवा खारी, दमट. बायकोने ते पुन्हा घोळवले. तिसऱ्या दिवशी पुन्हा घाम, पुन्हा घोळवले. मुलगी येईपर्यंत ती त्यांना रोज तान्ह्या बाळासारखी पावडर लावत होती.

मुलगी नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी आली. बॅग खाली ठेवायच्या आत मी डबा तिच्यापुढे धरला आणि यात हाड नाही, दूध नाही, अंडं नाही, असं भडाभडा सांगून टाकलं. तिने एक उचलला, दाबून पाहिला, तोंडात टाकला. आम्ही दोघं तिच्या जबड्याकडे बघत होतो.

"मार्शमॅलो नाही हा," ती म्हणाली. "तो ताणला जातो. हा तुटतो."

माझा चेहरा पडला असणार. पण तिने दुसरा घेतला होता.

"साबणासारखा लागतो ना?" बायकोने विचारलं.

"थोडासा," मुलगी म्हणाली आणि तिसरा घेतला. "कुणी केला?"

मी बायकोकडे बोट दाखवलं, बायकोने माझ्याकडे. मग मुलीला सगळं ऐकायचं होतं. शेवाळ, मांजरं, फादर, तसबीर. बायको सांगत होती आणि मी मध्येमध्ये दुरुस्त करत होतो, पण माझं कुणी ऐकत नव्हतं.

बोलता बोलता बायकोने एकदम विचारलं, "मग दोदोल चालतो का गं तुला? त्यात तांदूळ, गूळ आणि नारळाचं दूध. दुसरं काही नाही."

"चालतो की, मम्मी. लहानपणापासून चालतो."

"आणि खोबऱ्याचं सारण भरून तेलात तळलेल्या नेवऱ्या?"

"चालतात."

बायको जरा वेळ गप्प बसली. पण हे ते गप्प बसणं नव्हतं. मी ओळखतो. ती मनातल्या मनात याद्या करत होती. दुपारी नारळ फोडायला मला बोलावणं आलं. एकूण अकरा नारळ फोडले. मुलगी खवत होती, बायको पातेल्यात उलथनं फिरवत तिला बंगळुरूच्या हवेबद्दल विचारत होती. विंदालूही झालं, ते आम्ही खाल्लं.

जाताना मुलीने उरलेले मार्शमॅलो डब्यात भरून ऑफिसातल्या लोकांसाठी नेले. दोन दिवसांनी तिच्याकडून डब्याचा फोटो आला. प्रवासात सगळे चौकोन वितळून एकमेकांना बिलगले होते आणि डब्याच्या आकाराची एक वीट तयार झाली होती. ऑफिसातल्या लोकांनी ती कात्रीने कापून खाल्ली, असं तिने खाली लिहिलं होतं.

मी तो फोटो बायकोला दाखवला. तिने चष्मा लावून बराच वेळ निरखून पाहिला.

"विचारा तिला," ती म्हणाली, "कात्री आधी धुतली होती का."

मी विचारलं. अजून उत्तर आलेलं नाही.