अक्काचा फाटका आवाज

जळगावात आम्ही घरी कॉम्प्युटर घेतला, तेव्हा माझी थोरली बहीण, अक्का, अमेरिकेतल्या मुलासाठी निरोप रेकॉर्ड करायला धुळ्याहून आली. पण ऐकताना तिचा आवाज नुसता फाटत होता. मी माइक बदलला, वायर बदलली, साउंड कार्ड काढून पुसून पुन्हा बसवलं. माझा आवाज मात्र स्वच्छ येई. शेवटी मी स्क्रीन सोडून अक्काकडे पाहिलं. माइक ओठांना लावून ती ट्रंककॉलवर ओरडावं तशी ओरडत होती.

"अक्का, जरा हळू बोल."

"हळू बोलनू ते अमेरिकामा ऐकू कसं जाई?"

मी माइक टेबलावरच ठेवला आणि तिला लांब, स्वयंपाकघराच्या दारात बसवलं. निरोप खणखणीत उमटला, शिवाय अंगणातून शेजारणीने मध्येमध्ये दिलेली उत्तरंही.